मुंबई-दुबई : तिकिटावरचे तीन तास आणि धंद्याचा हिशेब

मुंबईहून दुबई किती लांब आहे, असे आमच्या व्यापारी बांधवांना विचारले तर उत्तर किलोमीटरमध्ये येत नाही. ‘तीन तास’, एवढेच ऐकायला मिळते. कोकणातल्या घरांत तर दुबई ही चिपळूण-मुंबईपेक्षा जवळची मानली जाते आणि घड्याळाच्या हिशेबाने ते खोटेही नाही. पण याच तीन तासांवर भरवसा ठेवून कोणी सकाळची भेट ठरवतो, कोणी अमुक दिवशी माल पोचेल असा शब्द देतो, कोणी परतीचे तिकीट काढतो आणि मग खिशाला चाट बसते. असे प्रकार आम्ही इतक्या वेळा पाहिले आहेत, की हे तीन तास नेमके कशाचे आहेत ते एकदा नीट मांडावे असे वाटले.

प्रथम अंतर. मुंबईच्या सहार विमानतळापासून दुबईच्या जुन्या आंतरराष्ट्रीय विमानतळापर्यंतचे सरळ अंतर सुमारे १,९३० किलोमीटर आहे. वैमानिक मंडळी सागरी मैलांत बोलतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, म्हणून त्यांच्या भाषेत हे अंतर सुमारे १,०४० मैल होते. ‘सरळ’ याचा अर्थ मात्र समजून घ्यावा. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून काढलेली रेघ ती ही नव्हे. पृथ्वीच्या गोलावर दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरला तर तो ज्या मार्गाने बसेल, तो सर्वांत जवळचा मार्ग. मुंबई-दुबईत या दोन रेघांचा फरक नगण्य आहे. मुंबई-न्यूयॉर्कसारख्या लांबच्या प्रवासात तो डोळ्यांत भरतो.

तुलनेसाठी सांगायचे तर याच रीतीने मोजले असता मुंबईहून दिल्ली सुमारे १,१४० किलोमीटर, कोलकाता सुमारे १,६६० आणि गुवाहाटी सुमारे २,०७० किलोमीटर भरते. म्हणजे पासपोर्ट, व्हिसा, परकीय चलन या सगळ्या सोपस्कारांमुळे दूर वाटणारी दुबई मुंबईकराला गुवाहाटीपेक्षा जवळ आहे. ही जवळीक आजची नाही. आगबोटीच्या काळात मुंबईहून कराचीमार्गे आखातात जाणाऱ्या बोटी आपल्या कित्येक वडीलधाऱ्यांनी पाहिल्या आहेत. दुबईचा विमानतळ १९६० मध्ये सुरू झाला तेव्हा त्याची धावपट्टी दाबून घट्ट केलेल्या वाळूची होती. पुढे ऑक्टोबर १९८५ मध्ये दुबईची स्वतःची विमान कंपनी, एमिरेट्स, सुरू झाली तेव्हा तिची पहिली उड्डाणे कराची आणि मुंबईसाठी होती. व्यापार कोणाशी आहे हे त्यांना ठाऊक होते.

जाताना वेळ जास्त, येताना कमी का?

या मार्गावरची जेट विमाने पुरेशी उंची गाठल्यावर ताशी साधारण ८३० किलोमीटर वेगाने जातात असे धरू. वारा नसेल तर १,९३० किलोमीटरला सुमारे दोन तास वीस मिनिटे लागतील. पण दहा-बारा किलोमीटर उंचीवर वारा नसतो असे फार क्वचित घडते. हिवाळ्यात उत्तर भारत आणि आखात यांवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, त्यांना जेट प्रवाह म्हणतात. समजा समोरून ताशी ८० किलोमीटरचा वारा आहे. मग जमिनीच्या हिशेबाने विमानाचा वेग ७५० उरतो आणि दुबईला जाण्यास दोन तास ३४ मिनिटे लागतात. येताना तोच वारा पाठीमागून ढकलतो, वेग ९१० होतो आणि काम दोन तास सात मिनिटांत भागते. एकाच वाटेवर २७ मिनिटांचा फरक! उन्हाळ्यात हे पश्चिमी वारे उत्तरेकडे सरकतात आणि फरक कमी होतो. पावसाळ्यात तर दक्षिण भारतावर खूप उंचावरून पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारा उलटा प्रवाह तयार होतो. भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५० च्या दशकात तो जगाच्या नजरेस आणला.

तेव्हा जाताना विमान ‘उशिरा’ पोचले म्हणून कंपनीच्या नावाने बोटे मोडण्याआधी वाऱ्याचाही विचार करावा. अर्थात कंपन्याही काही कमी नाहीत. तिकिटावर छापलेली वेळ ही हवेतली वेळ नसते. विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या गावी जागेवर उभे राहीपर्यंतचा सगळा काळ त्यात धरलेला असतो. धावपट्टीपर्यंत सरकत जाणे, रांगेत थांबणे, चढणे, उतरण्यापूर्वी घिरट्या घालणे, हे सगळे त्यात आले. मुंबईत दोन धावपट्ट्या आहेत खऱ्या, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी स्वतंत्रपणे काम चालवता येत नाही. गर्दीच्या वेळी सुटण्यापूर्वी वीस-पंचवीस मिनिटे विमान जमिनीवर रेंगाळणे हे नित्याचे आहे. हा रेंगाळा धरूनच कंपनी वेळ छापते आणि थोडी जास्तच छापते, म्हणजे ‘वेळेवर पोचलो’ असे सांगायला मोकळी. म्हणून या मार्गावर जाताना तीन तास दहा-वीस मिनिटे आणि येताना तीन तासांच्या आत-बाहेर अशा वेळा तिकिटावर दिसतात.

घड्याळाचा घोळ

खरी गडबड होते ती इथे. तिकिटावर सुटण्याची वेळ सुटण्याच्या गावच्या घड्याळाने आणि पोचण्याची वेळ पोचण्याच्या गावच्या घड्याळाने लिहिलेली असते. भारताचे घड्याळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे, दुबईचे चार तास पुढे. म्हणजे दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे. उन्हाळ्यात घड्याळ पुढे-मागे करण्याची पद्धत दोन्हीकडे नाही, म्हणून हा दीड तास बारा महिने कायम असतो.

समजा विमान मुंबईहून पहाटे ४.३० ला सुटते आणि दुबईला ६.१० ला पोचते असे लिहिले आहे. नवखा माणूस म्हणतो, एक तास चाळीस मिनिटांचाच प्रवास! त्यात दीड तास मिळवा, प्रवास तीन तास दहा मिनिटांचा. परतीला दुबईहून रात्री १० ला सुटून मुंबईला २.२० ला पोचणारे विमान चार तास वीस मिनिटे घेते असे वाटते. त्यातून दीड तास वजा करा, दोन तास पन्नास मिनिटे. जाताना मिळवा, येताना वजा करा, एवढे लक्षात ठेवले की पुरे.

वाचकांपैकी चिकित्सक मंडळी विचारतील, दीड तासच का? सूर्याच्या हिशेबाने पंधरा अंश रेखांशाला एक तास लागतो. मुंबई आणि दुबई यांच्यात साडेसतरा अंशांचे अंतर, म्हणजे सूर्याचा खरा फरक फक्त ७० मिनिटांचा. उरलेली २० मिनिटे माणसाने केलेली आहेत. आपले प्रमाण घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशाच्या रेषेवर लावलेले असल्यामुळे ते मुंबईच्या सूर्यापेक्षा ३९ मिनिटे पुढे धावते. दुबईचे घड्याळ तिथल्या सूर्यापेक्षा साधारण १९ मिनिटे पुढे आहे. जुन्या लोकांना आठवत असेल, मुंबईची स्वतःची वेळ पूर्वी वेगळी होती आणि प्रमाणवेळ आल्यावरही शहराने ती बरीच वर्षे सोडली नव्हती. रमझानमध्ये संध्याकाळच्या विमानाने दुबईला जाणाऱ्या रोजेदारांना याचा अनुभव येतो. विमान सूर्याच्या मागे धावत असल्याने सूर्य मावळायला मुंबईच्या घड्याळाने बराच उशीर होतो. परतीच्या विमानात उलट लवकर मावळतो.

घड्याळापेक्षा तारखेची चूक महाग पडते. आखाताच्या मार्गावरची पुष्कळ विमाने मध्यरात्रीच्या आगेमागे सुटतात. तिकिटावर १४ तारीख आणि वेळ ००.४० असे असेल तर ते विमान १३ तारखेची रात्र उलटल्यावर लगेच सुटते. १४ तारखेला दिवसभर दुकान सांभाळून, रात्री जेवूनखाऊन विमानतळावर गेलेल्या माणसाचे विमान आदल्या रात्रीच गेलेले असते. तिकीट बुडते, नवे तिकीट ऐन वेळच्या दराने घ्यावे लागते, आणि जत्रेत किंवा प्रदर्शनात गाळा घेतला असेल तर पहिला दिवस हातचा जातो. आमची सूचना साधी आहे : मध्यरात्र ते पहाटेच्या तिकिटावर आदल्या दिवसाची तारीख आणि ‘रात्री घर सोडणे’ असे आपल्या हाताने लिहून ठेवावे. तसेच रात्री दहाला दुबई सोडणारा दुसऱ्या तारखेला मुंबईत उतरतो, हे न्यायला येणाऱ्या गाडीवाल्यालाही सांगावे.

कोणता विमानतळ?

पूर्वी हा प्रश्न नव्हता. आता दोन्ही शहरांत तो आहे. मुंबईच्या बाजूला नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवाशांसाठी सुरू झाला. तिकिटावर सहारसाठी ‘बीओएम’ आणि नवी मुंबईसाठी ‘एनएमआय’ ही अक्षरे असतात. मिरज, सोलापूर, पुणे या बाजूने येऊन मुंबईत विमान बदलणाऱ्यांनी दोन्ही विमाने एकाच विमानतळावरची आहेत की नाहीत हे तिकीट काढतानाच पाहावे. एकावरून दुसऱ्यावर जाण्यात जो वेळ जातो तो कोणत्याही तिकिटावर छापलेला नसतो.

दुबईकडे जुना विमानतळ देरा भागाला लागून आहे आणि दुसरा, अल मक्तूम, शहराच्या दुसऱ्या टोकाला जेबेल अलीकडे. शिवाय शेजारी शारजाचा विमानतळ आहेच. तिकडचे तिकीट अनेकदा स्वस्त मिळते. ज्याचे काम देराच्या बाजारात आहे त्याला जुना विमानतळ सोयीचा. तिथल्या पहिल्या आणि तिसऱ्या टर्मिनलला मेट्रो लागून आहे, दुसऱ्याला नाही. शारजाच्या स्वस्त तिकिटात टॅक्सीचे पैसे आणि सकाळच्या वाहनकोंडीतला वेळ मिळवून पाहावा, मग स्वस्त-महाग ठरवावे.

आता भिवंडीच्या एखाद्या कापड व्यापाऱ्याचा पूर्ण हिशेब करू. पहाटे ४.३० च्या विमानासाठी तीन तास आधी, म्हणजे दीड वाजता सहारला हजर. रस्त्याचा भरवसा नाही म्हणून घर सोडायचे रात्री ११ ला. दुबईला ६.१० ला उतरून इमिग्रेशन, सामान, टॅक्सी असे करत देरात पोचायला आठ. दुबईचे आठ म्हणजे आपले साडेनऊ. घरापासून बाजारापर्यंत साडेदहा तास झाले आणि त्यांपैकी विमान हवेत होते जेमतेम पावणेतीन तास. रात्रभर जागलेल्या डोळ्यांनी नऊ वाजता भावाची घासाघीस करायची की दुपारपर्यंत पाठ टेकायची, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण निदान भेट ठरवताना साडेदहा तास धरावेत, तीन नव्हे.

वाराचेही भान हवे. जानेवारी २०२२ पासून दुबईत सरकारी कचेऱ्यांची सुटी शनिवार-रविवार अशी झाली असून शुक्रवारी अर्धा दिवस काम चालते. त्याआधी शुक्रवार-शनिवार होते. शारजाने त्याच वेळी शुक्रवार, शनिवार आणि रविवार अशी तीन दिवस सुटी केली. बाजारातली दुकाने आपल्या सोयीने उघडी असतात, पण ज्याचे काम कचेरीत आहे त्याने गुरुवारी रात्री निघून काही साधत नाही.

आणि कधी कधी सगळाच हिशेब कोलमडतो. १६ एप्रिल २०२४ रोजी दुबईत एका दिवसात एवढा पाऊस झाला की धावपट्ट्या पाण्याखाली गेल्या आणि पुढच्या दिवसांत हजारावर उड्डाणे रद्द झाली. २३ जून २०२५ च्या रात्री आखातातल्या लढाईच्या वातावरणात अमिरातीसह काही देशांनी आपले आकाश काही तासांसाठी बंद केले. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले तेव्हा दिल्लीहून दुबईला जाणाऱ्या आपल्या विमानांना गुजरातवरून वळसा घ्यावा लागला. मुंबईचा मार्ग मात्र अरबी समुद्रावरून असल्याने त्याला त्याची झळ फारशी लागली नाही. मुंबईतही पावसाळ्यापूर्वी एक दिवस साधारण सकाळी ११ ते संध्याकाळी ५ पर्यंत दोन्ही धावपट्ट्या दुरुस्तीसाठी बंद ठेवतात. ती तारीख आधी जाहीर होते. प्रदर्शन असो की करारावर सही, एक दिवस हाताशी ठेवून निघणे परवडते.

मालाचे तीन तास वेगळे

माणसापेक्षा मालाचा प्रवास जास्त लांबतो, विमान तेच असले तरी. पेटी मालवाहतुकीच्या गोदामात आगाऊ द्यावी लागते. तिथे वजन, एक्स-रे तपासणी, शिपिंग बिल, कस्टमची मंजुरी, एअरवे बिल असे टप्पे आहेत, आणि दुबईत उतरल्यावर तिथल्या कस्टमचे पुन्हा वेगळे. प्रवाशांच्या विमानाच्या पोटात जागा नसली तर पेटी पुढच्या विमानाला राहते. म्हणून विमानाने पाठवलेल्या मालालाही दारापासून दारापर्यंत दोन-तीन दिवस धरावेत. न्हावाशेवाहून जेबेल अलीला जहाज समुद्रात चार-पाच दिवस असते, पण दोन्ही बंदरांतले थांबे धरून आठवडा ते दहा दिवस सहज जातात. हापूस आंबा आणि ताजे मांस-मासे विमानाने जाणार हे उघड आहे. इतर मालाला विमान परवडते का, ते मात्र वजनापेक्षा आकारावर ठरते, आणि आपले कारागीर बंधू इथेच फसतात.

विमानातली जागा मोजकी. म्हणून कंपनी पेटीचे खरे वजन आणि ‘आकाराचे वजन’ यांपैकी जे जास्त असेल त्यावर भाडे लावते. आकाराचे वजन काढायचे ते असे : लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकार करायचा आणि त्याला ६,००० ने भागायचे. येते ते किलो. कापडाच्या पेटीला याचा त्रास नाही. ६० बाय ५० बाय ४० ची पेटी आकाराने २० किलोची भरते आणि दाबून भरलेले कापड त्याहून जास्तच वजनाचे असते, म्हणून भाडे खऱ्या वजनावर लागते.

पण मिरजेच्या तंबोऱ्याचे पाहा. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि परदेशातून विचारणा करणारे अनेक आहेत. तंबोरा म्हणजे वाळलेला भोपळा आणि लाकूड, आत सगळी पोकळी. त्याची पेटी १५० बाय ५० बाय ५० ची केली आणि पेटीसकट वजन १५ किलो भरले, तरी आकाराचे वजन साडेबासष्ट किलो होते. भाडे साडेबासष्ट किलोचे! कुरिअरवाले बहुधा ६,००० ऐवजी ५,००० ने भागतात, त्यांच्याकडे तीच पेटी ७५ किलोची होते. ज्याने १५ किलोच्या हिशेबाने ग्राहकाला भाव सांगितला त्याचा नफा पेटीतल्या हवेने खाल्ला असे समजावे.

यावर उपाय सुताराच्या हातात आहे. पेटी लांबीत १० आणि रुंदी-उंचीत पाच-पाच सेंटिमीटरने आवळली, म्हणजे १४० बाय ४५ बाय ४५ ची केली, तर आकाराचे वजन साधारण साडेसत्तेचाळीस किलोवर येते. एका पेटीमागे १५ किलो वाचले. किलोला १०० रुपये दर धरला तर दीड हजार रुपये झाले. अर्थात वाद्य त्या मापात बसले पाहिजे आणि भोपळ्याभोवती गादी उरली पाहिजे. भाडे वाचवून फुटका भोपळा पोचवण्यात अर्थ नाही. दुसरे असे की विमान मालभाड्याचे दर ४५ किलो, १०० किलो अशा टप्प्यांनी उतरतात. एकेका कारागिराने एकेक पेटी पाठवण्यापेक्षा तिघा-चौघांनी मिळून एकाच एअरवे बिलावर माल पाठवला तर वरच्या टप्प्याचा दर मिळतो. क्लिअरिंग एजंटाचा खर्चही एकदाच होतो. भाव सांगण्याआधी एजंटाकडून तीन गोष्टी लेखी घ्याव्यात : कितीने भागणार, कोणत्या टप्प्याचा दर लावणार आणि माल गोदामात कोणत्या तारखेला किती वाजेपर्यंत हवा. त्या तारखेवरून मागे मोजत मिरजेहून पेटी कधी निघायला हवी ते ठरवावे, आणि पेटी बंद करण्यापूर्वी तारा उतरवून सैल कराव्यात, कारण विमानात हवेचा दाब कमी आणि हवा फार कोरडी असते व ताणलेल्या तारांखाली तबलीवर जोर येतो.